पाव वाटी

वाढदिवसाचे फुगे अजून पडद्याच्या दांडीला लटकलेत,
तिघांतले दोन सुरकुतलेले.
खोब्रागडे डॉक्टर म्हणाल्या होत्या,
वर्ष होऊ द्या, मग गाईचं.
झालं वर्ष. परवा.

साडेसहाला मनीषनगरच्या आमच्या गेटवर मोपेड,
गायधनेबाई कॅन तिरपा करतात:
"गवळाऊचं आहे ताई. माही चंद्री
सोनेगावले विमानतळाच्या भिंतीकडे चरते.
पाणी म्हणसान तं एक थेंब नाही."

गंजात दूध वर आलं, खाली बसलं, पुन्हा आलं.
साय काढली. कोमट होऊ दिलं.
शेजारी माझी बाटली, रात्री काढून ठेवलेली.
माझं निळसर, तांदळाच्या धुवणासारखं.
तिचं पिवळट, अंगानं भरलेलं.
लाजच वाटली क्षणभर.
पण याच धुवणावर बोधीला चार दात आलेत,
मांडीवर दोन वळ्या,
आणि दिवाणापासून कूलरपर्यंतचा रस्ता
भिंत धरून रोज तीनदा पार होतो.

तीन चमचे माझं, एक चमचा चंद्रीचं.
गुरुवारपासून दोन-दोन.
मग एक-तीन.
मग

"तू बाहेर जा," प्रशिक म्हणतो,
"तुझा वास आला की वाटीकडे बघणारच नाही ती."
फोनवर कामठीहून सासूबाई:
"जाय नं बाई भायेर.
माय दिसली का पोट्टी कायले घेते दुसरं!"

जिन्यात उभी राहिले, अकराव्या पायरीवर.
मार्च संपत आलाय, कठडा आताच तापायला लागलाय.
खालच्या मजल्यावर कूलरच्या जाळ्या बदलणं चाललंय,
ओल्या गवताचा वास वर येतो.
आत चमचा वाजतो स्टीलवर.
प्रशिक कावळा होतो, मग विमान होतो.
थू.
पुन्हा चमचा. थू.
मग रडणं, तेच, शेवटाला वर जाणारं,
आणि माझ्या अंगाला कुणी काही सांगितलेलंच नाही,
ते झिणझिणून उठतं,
कुर्त्यावर दोन ओले गोल.

रविवारी चंद्रीला बघून आले होते.
आधी वासराला लावतात.
पान्हा सुटला की ओढून खुंट्याला, दोन हात दोरीवर.
ती मान लांब करून त्याचं कपाळ चाटत होती
आणि खाली बादलीत धार वाजत होती.
मी लिटरचा भाव विचारला.
महिन्याचे आगाऊ द्यायचे का, तेही विचारलं.

माझी दोरी अकरा पायऱ्यांची.

आतलं रडणं थांबतं.
अशी शांतता, जिचा काहीही अर्थ निघू शकतो.
मग दार उघडतं:
बोधीला पांढरी मिशी,
प्रशिकच्या चष्म्यावर दूध, केसांत दूध,
"पेली! अर्धं सांडवलं, पण पेली!"
मी टाळ्या वाजवल्या.
एक हात खरा होता.

वाटीच्या तळाशी घोटभर उरलेलं,
सिंकमध्ये ओतवेना, म्हणून पिऊन टाकलं.
गोड होतं.
तीन हिस्से मी, एक ती;
गोड नेमकं कोण होतं, कळलं नाही.

सोमवारपासून ऑफिस. मिहानची बस सातला.
डबा, ओळखपत्र, पंप, नको पंप,
असू दे पंप.

रात्री दोनला उठली.
वाटी नको, बाप नको, विमान तर नकोच.
डोळे मिटूनच सरकत आली
अंधारात, बरोबर जागी.
तोंड जवळ आलं तेव्हा
तिच्या श्वासाला माझा वास नव्हता,
गवताचा होता, गोठ्याचा, कुणा दुसऱ्याच आईचा.
ये, म्हटलं.
दोघींनाच म्हटलं बहुतेक.

ते वासरू रात्री तरी सुटं असतं का?
सकाळी गायधनेबाईंना विचारायला हवं.